पाटीवर काय आणि केसपेपरवर काय

वाचकांचे प्रश्न : वैद्यक व्यवसाय आणि रुग्णांचे हक्क

गेल्या काही अंकांपासून या सदराच्या टपालात ‘फंक्शनल मेडिसिन’बद्दलची पत्रं वाढत चालली आहेत. काही डॉक्टरांची, काही रुग्णांची, एक नर्सताईंचं. म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला आहे.

ज्यांनी हे नाव नुसतं ऐकलंय त्यांच्यासाठी दोन ओळी. जेफ्री ब्लँड या अमेरिकी जीवरसायनतज्ज्ञाने हा विचार मांडला, १९९१ साली त्यासाठी तिथे संस्था निघाली. आजाराला नाव देऊन गोळी लिहून मोकळं होऊ नये. आहार, झोप, ताण, पचन यांत मूळ शोधावं, असं हे लोक म्हणतात. मी फिजिशियन आहे, वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवलं आहे, आणि रुग्णाजवळ तासभर बसणाऱ्या डॉक्टरबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आपल्याकडे या शाखेची वेगळी नोंदवही नाही, वेगळी परिषद नाही. तुम्ही ज्या पदवीवर नोंदणी केली तिचेच नियम या कामालाही लागू. आजची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

मॅडम, मी एमबीबीएस असून साताऱ्यात बारा वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका संस्थेचा फंक्शनल मेडिसिनचा ऑनलाईन अभ्यासक्रम पूर्ण केला. पाटीवर ‘फंक्शनल मेडिसिन स्पेशालिस्ट’ लिहिलं तर चालेल का? पेशंटला तासभर देतो, त्यामुळे फीही जास्त घेतो. उद्या कुणी तक्रार केली तर माझी बाजू कितपत टिकेल? — एक डॉक्टर, सातारा

‘स्पेशालिस्ट’ हा शब्द पाटीवरून, लेटरहेडवरून आणि मोबाइलवरच्या जाहिरातीतूनही काढा. ज्या विषयात खास पात्रता नाही त्यात स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे. पाटीवर नाव, विद्यापीठाने किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने दिलेली पात्रता, परिषदेचं नाव आणि नोंदणी क्रमांक एवढंच हवं. तुमची अमेरिकी संस्था खाजगी आहे, तिचं प्रमाणपत्र यात बसत नाही. काही जण विचारतात, ती आचारसंहिता तर जुनी झाली ना? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवी नियमावली काढली होती हे खरं, पण त्याच महिन्याच्या २३ तारखेला ती स्थगित केली आणि २००२ चीच पुन्हा लागू केली.

जास्त फी घ्यायला कुणाची ना नाही. दवाखान्यात फीचा फलक लावा, म्हणजे आत येण्याआधीच माणसाला कळेल. आचारसंहितेलाही तेच अपेक्षित आहे.

आता बाजू टिकण्याचं. निष्काळजीपणा कशाला म्हणायचं हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं : त्या व्यवसायातल्या साधारण कुशल माणसाने जे केलं असतं ते तुम्ही केलंत का? तुमच्या बाबतीत हा ‘साधारण कुशल माणूस’ म्हणजे महाराष्ट्रातला एमबीबीएस डॉक्टर. ऑनलाईन वर्गातले तुमचे सहाध्यायी काय करतात याला तिथे किंमत नाही.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीचा पुरुष तुमच्याकडे थकवा घेऊन आला. हिमोग्लोबिन ८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तळाला. अभ्यासक्रमात शिकवलेली ‘आतड्याची गळती’ तुमच्या मनात येईल, प्रोबायोटिक आणि आहाराचा तक्ता द्यावासा वाटेल. त्याआधी रक्त जातंय कुठून हे शोधायलाच हवं : शौचाची तपासणी, मग वरून आणि खालून दुर्बीण. या वयाच्या पुरुषात लोह कमी होण्यामागे आतड्याचा कर्करोग नाही ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाणारा डॉक्टर कुठल्याही परिषदेपुढे स्वतःचा बचाव करू शकणार नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या माणसाचे सहा महिने वाया जातील, आणि कर्करोगात सहा महिने फार असतात.

म्हणून तुमच्या त्या एका तासातली पहिली दहा मिनिटं धोक्याच्या खुणांना द्या. वजन आपोआप उतरतंय का, रात्री ताप येतो का, शौचातून रक्त जातं का, घास अडकतो का, छातीत दुखतं का. उत्तर ‘नाही’ आलं तरी केसपेपरवर ‘नाही’ असं लिहा. न लिहिलेला प्रश्न विचारलाच नव्हता असं पुढे धरलं जातं.

दुसरं संमतीचं. छापील फॉर्मवर सही घेतली म्हणजे संमती झाली असं आपल्याकडे धरून चालतात. २००८ च्या समीरा कोहली निकालाने ते खोडून काढलं. उपचार कशासाठी, दुसरा कुठला पर्याय आहे, घेतला तर धोका काय, न घेतल्यास काय, हे रुग्णाला समजेल असं सांगायला हवं. ज्या उपचाराला पुरेसा पुरावा नाही तिथे हे जास्तच लागू. साध्या मराठीत लिहा : ‘या तपासणीचा पुरावा अजून अपुरा आहे हे डॉक्टरांनी मला सांगितलं. या तक्रारीवर नेहमीचा उपचार कोणता तेही सांगितलं. माझी चालू औषधं त्यांनी बंद केलेली नाहीत.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं.

आणखी दोन गोष्टी. व्यावसायिक विमा काढला असेल तर विमा कंपनीला पत्र लिहून विचारा की या प्रकारच्या उपचारांना तो लागू आहे का; उत्तरही लेखीच मागा. आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत जे ३० गुण लागतात, ते परिषदेने मान्य केलेल्या कार्यक्रमांचेच. परदेशी अभ्यासक्रमाचे तास त्यात धरले जातील असं गृहीत धरू नका.

माझी आई ६८ वर्षांची. गुडघेदुखीसाठी एका ‘फंक्शनल’ दवाखान्यात नेलं. व्हिटॅमिन डी कमी आहे म्हणून आठ आठवडे दर आठवड्याला ६ लाख युनिटचं इंजेक्शन दिलं, वर रोज थेंब आणि कॅल्शियमच्या गोळ्या. आता तिला शौचाला होत नाही, सारखी तहान लागते, रात्री दोनतीनदा उठते, कधी कधी असंबद्ध बोलते. दवाखान्यात म्हणतात शरीरातली घाण बाहेर पडतेय, थोडं थांबा. थांबू का? — एक वाचक, कोल्हापूर

या ताईंना उत्तर छापून येईपर्यंत थांबायला लावलं नाही. पत्र हातात पडलं त्याच दिवशी फोन करून सगळं बंद करायला आणि संध्याकाळच्या आत कॅल्शियम तपासायला सांगितलं. कॅल्शियम १३.६ आलं, साडेदहापर्यंत ठीक म्हणतो आपण. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, वाढलेलं. आईंना दाखल करून सलाईन, पुढे स्टेरॉइड द्यावं लागलं. आता त्या घरी आहेत आणि भाजी महाग झाल्याची तक्रार करताहेत. ताईंच्या परवानगीने हे इथे देते आहे, कारण ज्या घरात ‘घाण बाहेर पडतेय’ हे ऐकून माणसं थांबली आहेत त्या घरांपर्यंत ते पोहोचायला हवं.

हिशेब मांडून बघा. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिटच्या आसपास. डी फारच कमी असेल तर आपण ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतो, म्हणजे सगळा कोर्स ४ लाख ८० हजारांचा. आईंना दिलेलं एकेक इंजेक्शन त्या सबंध कोर्सपेक्षा मोठं होतं आणि अशी आठ दिली, म्हणजे ४८ लाख. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. त्यामुळे इंजेक्शन थांबवलं तरी त्याचा परिणाम महिनोन्‌महिने राहतो आणि कॅल्शियम पुन्हा वर जाऊ शकतं. ताई, महिन्याच्या महिन्याला तपासत राहा. आईंना कॅल्शियमची गोळी कुणीही, अगदी मैत्रिणीने दिली तरी देऊ नका.

बद्धकोष्ठ, तहान, सारखी लघवी, मळमळ, गोंधळलेपणा. डी घेणाऱ्या माणसात हे एकत्र दिसलं की तपासणी त्याच दिवशी. डॉक्टरांनाही माझं सांगणं आहे की मोठ्या डोसनंतर कॅल्शियम, क्रिएटिनिन बघायची तारीख चिठ्ठीवरच लिहा. उपचार सुरू केल्यावर रुग्ण बिघडला तर पहिला संशय स्वतःच्या उपचाराचा घ्यायचा, हे मी प्रत्येक बॅचला शिकवत आले. बिघडण्याला ‘बरं होण्याची खूण’ म्हणणारी कुठलीही पद्धत मला मान्य नाही.

औषधाचा असा त्रास झाला तर तो कळवता येतो. भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा विनाशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नाही, रुग्णही कळवू शकतो.

पुण्यातल्या एका दवाखान्यात मी नर्स आहे, नोंदणीकृत. इथे ‘एनर्जी’ आणि ‘ग्लो’ म्हणून व्हिटॅमिन सी २५ ग्रॅमचं आणि ग्लुटाथायोनचं सलाईन लावतात. डॉक्टर बहुतेकदा दुसऱ्या शाखेत असतात, फोनवर सांगतात. काही झालं तर जबाबदारी माझी का? — एक नर्स

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला भीती वाटतेय ती योग्य आहे.

सीचं २५ ग्रॅमचं सलाईन म्हणजे आहारातून लागतं त्याच्या शेकडो पट. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं त्यांना ते दिलं तर पेशी फुटतात, लघवी कोलासारखी काळपट होते, कावीळ होते, मूत्रपिंडावर येतं. ही कमतरता मुंबईतल्या पारशी समाजात आणि विदर्भातल्या काही आदिवासी समाजांत बऱ्यापैकी आढळते. स्वतःला ती आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं, कारण एरवी काही त्रास होत नाही. म्हणून एवढं सी शिरेतून द्यायचं असेल तर ही रक्ततपासणी आधी व्हायला हवी. मूतखडा झालेला किंवा मूत्रपिंड अधू असलेला माणूस तर या खुर्चीत बसताच कामा नये : सीचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि ते मूत्रपिंडात साचतं.

मधुमेहींचं वेगळं सांगते. एवढं सी रक्तात असताना काही जातींचे ग्लुकोमीटर फसतात, सीलाच साखर समजून मोठा आकडा दाखवतात. कुणी त्या आकड्यावर इन्सुलिन टोचलं तर खरी साखर जीवघेणी खाली जाईल. सलाईननंतर साखर बघायची वेळ आली तर प्रयोगशाळेत शिरेचं रक्त पाठवा.

तुमच्या जबाबदारीचं म्हणाल तर डॉक्टरांची आहेच, पण सुई तुमच्या हातात असते आणि नोंदणी तुमचीही असते. लेखी, सही-तारखेची ऑर्डर असल्याशिवाय लावू नका. फोनवरची सूचना असेल तर वेळ घालून लिहून ठेवा आणि डॉक्टर आले की सही घ्या. सलाईन चालू असताना डॉक्टर त्या इमारतीत हवेत. ट्रेमध्ये अॅड्रेनालिन हवं, मुदत न संपलेलं. ऑक्सिजन, अंबू बॅग, सक्शन हवं. अंगावर गांधी उठून श्वास लागला आणि रक्तदाब कोसळला तर प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ताबडतोब. त्यावेळी डॉक्टरांचा फोन लागायची वाट बघणं परवडत नाही, म्हणून त्याची ‘स्टँडिंग ऑर्डर’, म्हणजे दर वेळी न विचारता द्यायची लेखी सूचना, आधीच लिहून घ्या. हे काहीच मिळत नसेल तर ‘या परिस्थितीत मी सलाईन लावू शकत नाही’ असं पत्र देऊन पोच घ्या. नोकरी जाण्याची धास्ती मी समजू शकते. तरीही हेच सांगेन.

सात वर्षांच्या मुलाला सारखी सर्दी आणि पोटदुखी. डॉक्टरांनी रक्ताची ‘फूड इनटॉलरन्स’ तपासणी सांगितली. रिपोर्टमध्ये दूध, गहू, अंडं, शेंगदाणे, तूरडाळ लाल रंगात. सगळं बंद केलंय. मुलगा वाळत चाललाय, डब्यात काय द्यायचं ते कळत नाही. सासूबाई म्हणतात, पोराला उपाशी मारताय. — एक आई, ठाणे

सासूबाई बरोबर सांगताहेत.

त्या रिपोर्टवर ‘आयजीजी’ (रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार) असं लिहिलं असेल, बघा. आयजीजी वाढलेलं म्हणजे मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे आणि शरीराला त्याची ओळख आहे, एवढंच. ठाण्यातल्या मुलाच्या रक्तात तूरडाळीची ओळख सापडणार नाही तर कशाची? अन्नाची अॅलर्जी ठरवायला ही तपासणी वापरू नये, असं युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ सालीच जाहीर केलं आहे आणि अमेरिका-कॅनडातल्या संघटनाही तेच सांगतात. खरी अॅलर्जी आयजीई या दुसऱ्या प्रतिपिंडाची असते; खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजणं, अंगावर गांधी, उलटी, धाप असं काही होतं. तसं तुमच्या मुलाला कधी झालंय असं पत्रात नाही. झालं असेल तर त्या एका पदार्थापुरतं थांबा आणि आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा.

नसेल तर या आठवड्यात मुलाचं वजन-उंची बालरोगतज्ज्ञांकडे वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या आणि त्यांच्या सल्ल्याने पदार्थ परत सुरू करा. वरणभात-तुपाने सुरुवात करायला हरकत दिसत नाही. गव्हाबद्दल शंका राहिली असेल तर सीलिअॅकची, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, वेगळी रक्ततपासणी असते; ती गहू खात असतानाच करायची, बंद केल्यावर ती खोटी नॉर्मल येते. हे दवाखान्यात सांगायला हवं होतं.

याच पत्राच्या अनुषंगाने दोन डॉक्टरांनी विचारलं आहे की अशा तपासण्यांवर प्रयोगशाळा ‘रेफरल’ देते, तो घ्यावा का. नाही. तो कट आहे, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलचं कमिशन, आणि कुठल्याही नावाने घेतलेला कट २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. २०१७ साली राज्यात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला होता. कायदा झाला नाही म्हणून कट नैतिक ठरत नाही. तपासणी लिहिताना मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला लावायचे : रिपोर्ट असा आला किंवा तसा आला, तर माझ्या उपचारात काय बदलेल? काहीच बदलणार नसेल तर रुग्णाचे पैसे आणि रक्त दोन्ही वाचवा.

मी बीएएमएस आहे आणि फंक्शनल मेडिसिनचा कोर्स केला आहे. थायरॉइडच्या पेशंटची गोळी बंद करून मूळ कारणावर उपचार करायला शिकवतात. एक पेशंट, वय ३४, बाळासाठी प्रयत्न करतेय. गोळी बंद करून महिना झाला, तिला बरं वाटतंय. पुढे टी-थ्री (थायरॉइडचं दुसरं संप्रेरक) लिहावं का? — एक वैद्य, नाशिक

आज तिला बोलवा आणि गोळी परत सुरू करून स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे पाठवा. बाकीचं नंतर वाचा.

थायरॉक्सिनचं, म्हणजे त्या गोळीतल्या संप्रेरकाचं, शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. म्हणून गोळी थांबवल्यावर पहिले काही आठवडे माणूस छान असतो आणि आपल्याला वाटतं उपचार लागू पडला. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणीही सहा ते आठ आठवड्यांनीच खरं चित्र दाखवतं. दरम्यान दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांत बाळ सर्वस्वी आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतं. टी-थ्रीचा तर विचारही नको : ते झटकन चढतं, छातीत धडधड होते, आणि गर्भाला हवं असतं ते थायरॉक्सिन.

आणखी एक बघा. तुमच्या उपचारात केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व आहे का? ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन चालू असेल तर कित्येक यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर (थायरॉक्सिन) खोटं जास्त येतं. थायरॉइड कमी असलेल्या बाईला तो वाढल्याचा रिपोर्ट मिळतो. हृदयविकारात बघतात ते ट्रोपोनिनही त्याने खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये यावर इशारा दिला तेव्हा असा एक मृत्यू नोंदला होता. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवायला सांगा.

कायद्याचं सांगायचं तर तुमची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आहे. आधुनिक औषधं लिहिण्याची मुभा राज्याने कायद्याने दिली असेल तेवढीच, हे मुख्तियार चंद खटल्यात १९९८ साली ठरलं. फंक्शनल मेडिसिनच्या कोर्सने ती मुभा वाढत नाही. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला अॅलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात म्हटलं की ज्या शास्त्राचं शिक्षण नाही ते वापरणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा नको. चालू औषध बंद करणं हासुद्धा उपचारच असतो. इन्सुलिन, फिटांची औषधं, स्टेरॉइड, रक्त पातळ ठेवणारी गोळी, थायरॉक्सिन यांतलं काहीही, ते सुरू करणाऱ्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय थांबवू नका. तुमच्या शास्त्रात तुम्हाला देण्यासारखं पुष्कळ आहे, ते या गोळीच्या जोडीने द्या.

सप्लिमेंट दवाखान्यातून विकली तर चालतात का? — दोन डॉक्टर, एक औषधविक्रेते

स्वतःच्या रुग्णाला औषध देणं चुकीचं नाही, त्याची पिळवणूक होत नसेल तर. दवाखान्यात दुकान मांडणं मात्र आचारसंहितेत बसत नाही. ‘हे बाहेरही मिळेल, कुठूनही घ्या’ असं सांगा आणि किंमत छापलेली तेवढीच घ्या. बाटलीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक बघा. तिथेच ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही छापलेलं असतं, कारण २०१६ च्या नियमांनी ही उत्पादनं अन्नात मोडतात. अशी बाटली मधुमेहावरचं औषध म्हणून लिहून देणं दोन्ही बाजूंनी अडचणीचं. घटक न लिहिलेली, कुणी बॅगेतून आणलेली पावडर तर हातातही धरू नका. ज्यात काय आहे हे स्वतःलाच माहीत नाही ते देणं म्हणजे ‘गुप्त औषध’, आणि त्याला मनाई आहे.

‘नैसर्गिक’ म्हणून यकृत गाफील राहत नाही. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताचा दाह झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण हळदीचा अर्क, अश्वगंधा, ग्रीन टीचा अर्क यांच्याबाबतीतही असे रुग्ण जगभर नोंदले गेले आहेत. जेवणातली हळद वेगळी आणि अर्काची कॅप्सूल वेगळी. रुग्ण काय काय घेतोय ती यादी केसपेपरवर हवी, आणि लघवी गडद पिवळी झाली तर सगळं थांबवून यायचं हे त्याला सांगितलेलं हवं.

‘९० दिवसांत मधुमेहमुक्ती, हमखास’ अशी जाहिरात करता येते का? — एक डॉक्टर, नागपूर

नाही. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ च्या यादीत ५४ आजार आहेत. मधुमेह, लठ्ठपणा, कर्करोग, रक्तदाब, गलगंड त्यात आहेत. ते बरे करतो अशी औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वजन भरपूर उतरवून काहींची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात राहते, हे ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत दिसलं आहे : वर्षअखेर ४६ टक्क्यांची. म्हणजे तिथेही निम्म्याहून अधिकांची नाही राहिली. हे रुग्णाला समोर बसवून सांगा. ‘हमखास’ हा शब्द वैद्यकात कुणी वापरू नये.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना पुण्यातून व्हिडिओवर सल्ला देतो. काही अडचण? — एक डॉक्टर, पुणे

आहे. रुग्ण जिथे बसला आहे तिथला परवाना लागतो, त्यामुळे न्यू जर्सीतल्या रुग्णावर उपचार करायला तिथला परवाना हवा. उलट बाजूही तशीच : अमेरिकेतल्या मराठी डॉक्टरांनी सांगलीतल्या रुग्णाला चिठ्ठी पाठवायची तर इथली नोंदणी लागते. आपल्याकडे २५ मार्च २०२० ची दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक, रुग्णाची ओळख आणि संमती, सगळ्याची नोंद. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांना मिळून एकच ‘प्रोटोकॉल’ टाकणं यात कुठेच बसत नाही.

मूळ पत्र कोल्हापूरच्या ताईंचंच, दुसरा प्रश्न : दवाखाना कागद देत नाही. काय करावं?

डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक पावतीवर असायलाच हवा. तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. मग साध्या कागदावर अर्ज करा : आईंचं नाव, तारखा, ‘सर्व केसपेपर, इंजेक्शनच्या नोंदी आणि रिपोर्टच्या प्रती मिळाव्यात’. आईंची सही घ्या, त्यांना लिहिता येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार. दवाखान्यात दाखल न झालेल्या रुग्णाच्या बाबतीत कुणी ‘आमच्याकडे नोंदी नसतात’ म्हटलं तर ते मानू नका. इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या घरी असतील तर फेकू नका, त्यांवरचा बॅच क्रमांक लागेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांच्या आत कागद मिळायला हवेत. नाही मिळाले तर तीच पोच जोडून परिषदेकडे तक्रार करा, आणि भरपाई मागायची असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा.